परेशदादाची गालपट्टी

परेशदादाचे गाल भरलेले आहेत आणि माझे बसके. यात कुणाचा गुन्हा नाही. पण मुरुडच्या आमच्या क्लबातल्या रायफलीला फक्त परेशदादाचाच गाल माहीत आहे, आणि ही साधी गोष्ट आमच्या प्रशिक्षक गणराज सरांना पटवता पटवता माझी दोन वर्षं गेली.

क्लबात चांगली एअर रायफल एकच, सरावाचे दिवस वाटून दिलेले. सहा वर्षांपूर्वी परेशदादाने तिच्यावर राज्याचं पदक आणलं, आणि तेव्हापासून ती रायफल राहिली नाही, देव झाली. खंडेनवमीला तिला हार, हळदकुंकू, पुढ्यात नारळ. पूजेला माझी हरकत नाही. पण परेशदादा नोकरीला पुण्याला गेला तरी रायफलीचा एक स्क्रू कुणी फिरवायचा नाही, हा सरांचा नियम होता. दस्त्यावर गाल टेकवायची जी लाकडी पट्टी असते तिला आम्ही गालपट्टी म्हणतो. ती परेशदादाच्या गालाच्या उंचीला बसवलेली. वर करायचे दोन स्क्रू खाऱ्या हवेने केव्हाच गंजून बसले होते, आणि ते सोडवायला गेलं की सर अंगावर यायचे.

मी गाल नीट टेकवला की डोळा खाली जायचा आणि मागच्या बारीक भोकातून नुसता काळोख दिसायचा. निशाण दिसायला हवं तर गाल उचलून डोकं अधांतरी धरायचं. वीस गोळ्या जमायचं. पुढे मान भरून यायची, निशाणाचं काळं वर्तुळ डोळ्यांपुढे थरथरायचं. सामना साठ गोळ्यांचा असतो.

"सर, मला गालपट्टी बोटभर उंच हवी," मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सर हसले होते.

"रायफल सगळ्यांची आहे, प्राप्ती. मान तुझी एकटीची. तू मान बदल."

यंदा त्यांनी नवीन फर्मान काढलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चाचणी. साठ गोळ्यांत सहाशे गुण जो करील तो क्लबाकडून राज्य स्पर्धेला जाईल; गुण दशांशात, एका गोळीला फार तर दहा पूर्णांक नऊ. मला जमलं नाही तर माझे रायफलीचे दिवस क्लबातल्याच साहिलला मिळणार. माझा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा पाचशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे सरांनी मला गोड शब्दांत दार दाखवलं होतं, आणि मला राग आला. मी काही फुकट नेम मारायला येत नव्हते. दिघीहून जेटी, म्हणजे खाडीपलीकडे नेणारी फेरीबोट, धरायची, आगरदांड्याला उतरायचं, तिथून रिक्षाने मुरुड, आणि संध्याकाळी हाच सगळा प्रवास उलटा.

चाचणीच्या आठवड्यात मी बुधाजीमामाकडे गेले होते. मामा दिघीच्या वरच्या वाडीत राहतो. भातशेती करतो, आणि गावात बैलजोड्या चारच उरल्या असल्या तरी त्या चारही जोड्यांची जुवं अजून हाच तासतो. मी जेवताना मान एका बाजूला धरून बसलेले त्याने पाहिलं.

"खांदा आला काय गो तुजा?"

बैलाच्या मानेला जू लागून सूज आली की आमच्याकडे खांदा आला म्हणतात. मी त्याला सगळं सांगितलं. मामा भात कालवायचा थांबला.

"म्हंजे जू दुसऱ्याच्या बैलाचा, नि मान तुजी?"

"सर म्हणतात, मान बदल."

"सराला सांग, बैलाची मान कोन तासत न्हाय. जू तासतात."

मला एवढं हसू आलं की ठसका लागला. दोन वर्षं मला हे कुणीच म्हणालं नव्हतं, आणि मीही नीट ठासून म्हटलं नव्हतं.

गुरुवारी मामा माझ्याबरोबर जेटीत बसला. पिशवीत शिवणीचा ठोकळा, पटाशी, कानस, आणि ओल्या फडक्यात मातीचा गोळा. शिवणीचं लाकूड हलकं असतं आणि तडकत नाही, जुवाला तेच बरं. सर अलिबागला गेले होते. क्लबाच्या चाव्या सांभाळणाऱ्या कल्पिताताईने आम्हा दोघांकडे आणि त्या मातीकडे पाहिलं.

"रायफलीला ओरखडा आला तर?"

"एक स्क्रू फिरवणार नाही, ताई. पट्टीवर टोपीसारखं बसवू, आतून चिकटपट्टी. काढलं की होती तशी."

ताईने चावी दिली. वर म्हणाली, "मी काही बघितलं नाही."

मामाने गालपट्टीवर प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर माती थापली. मला रायफल धरायला लावली.

"आता डोळं मीट. मान सैल सोड. बैल सावलीत उभा ऱ्हातो तशी. आता उघड. काय दिसतंय?"

"काळोख."

त्याने मातीचा थर चढवला. पुन्हा डोळे मिटायचे, गाल सोडायचा, उघडायचे. पाचव्या वेळी डोळे उघडले तर भोकाच्या मधोमध नळीच्या टोकाची कडी, कडीच्या मधोमध काळं वर्तुळ, आणि मानेला काही करावंच लागत नव्हतं. रायफल धरून दोन वर्षं झाली होती आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा तिच्यावर टेकता आलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

शनिवारी सकाळी मामाने शिवणीची टोपी घरी आणून दिली. आत पट्टीच्या मापाची खाच, वर माझ्या गालाचा उतार. क्लबात सर यायच्या आत मी ती चढवली, नेमबाजीचं जाकीट घातलं, डोळे मिटले, उघडले. वर्तुळ कडीच्या वर सरकलं होतं. टोपी चांगली मसुरीच्या दाण्याएवढी उंच होत होती. चाचणी दुसऱ्या दिवशी.

मी फोन केला तर मामाने आधी टोपी किती उंच होते ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "गुरवारी तुज्या अंगात जाकीट व्हतं?"

नव्हतं. एप्रिलच्या उकाड्यात जाड कॅनव्हासचं ते चिलखत कोण घालतं? मी माप दिलं होतं साध्या कुर्त्यात. जाकिटाने खांदा चढतो, दस्ता वर सरकतो, मान उभी राहते.

"चूक माजी हाय," मामा म्हणाला. "कोरड्यात उभ्या बैलाला कोन जू बेतत न्हाय. चिखलात उतरवून, नांगर लावून बेतायचं, तवा मान खरी कशी पडते ती कळतं. येवढी वर्सं हेच केलं, नि तुज्या येळला इसरलो. सकाळच्या पहिल्या जेटीनं येतो."

रविवारी सकाळी मी पूर्ण जाकिटात, पँटमध्ये, घामाने निथळत उभी होते. डोळे मिटलेले. मामा कानशीने दोन हात मारायचा, फुंकर घालायचा, "टेक" म्हणायचा. तिसऱ्यांदा टेकले आणि सरांचा आवाज आला.

"हे काय चाललंय?"

मी डोळे उघडले. वर्तुळ बरोबर मधोमध होतं. त्यानंतरच मी सरांकडे पाहिलं.

"गालपट्टी, सर. माझी."

"काढ ते लाकूड. परेशने या रायफलीवर पदक आणलंय."

"परेशदादाने त्याच्या गालाला बसणाऱ्या पट्टीवर पदक आणलंय. मी नियमांचं पुस्तक वाचलंय, सर. गालपट्टी ज्याची त्याने बेतायला कुठे मनाई नाही. तुम्ही दाखवा, मी आत्ता काढते."

पुस्तक कपाटात होतं. सर कपाटाकडे गेले नाहीत. बाकावर साहिल बसला होता, हातमोजे चढवून, माझे दिवस घ्यायला तयार. सरांनी त्यालाच हाक मारली.

"साहिल, तू सांग. तुला कधी त्रास झालाय पट्टीचा?"

साहिल हातमोजा ओढत राहिला. मी टोपी ओढून काढली आणि रायफल त्याच्या हातात दिली.

"डोळे मिट. गाल नीट सोड. आता उघड."

साहिलने तसं केलं. मग पुन्हा एकदा केलं.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर," साहिल खाली बघत म्हणाला. "मला कधीच दिसत नाही. मी मान उचलतो. मला वाटलं सगळ्यांना तसंच करावं लागतं."

कल्पिताताईने वही उघडली आणि नको तितक्या जोरात म्हणाली, "पहिली प्राप्ती. वेळ सुरू करू का?"

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. मी टोपी चढवली.

साठ गोळ्या मारल्या. विसाव्या गोळीला मी मानेच्या दुखण्याची वाट बघत होते. ते आलं नाही. चाळिसाव्या गोळीला मी वाट बघायची सोडून दिली. मध्ये एक गोळी आठवर गेली, ती माझ्या घाईने. तिचा दोष मी कुणाच्या गालावर ढकलणार नाही. मामा भिंतीला टेकून पूर्ण वेळ उभा होता आणि त्याला निशाण काही दिसत नव्हतं. तो माझ्या मानेकडे बघत होता.

ताईने बेरीज दोनदा केली. सहाशे दोन पूर्णांक सात.

सरांनी वही हातात घेतली, आकडा पाहिला, सही केली. मग रायफलीजवळ आले आणि त्या शिवणीच्या टोपीवर अंगठा फिरवला. परेशदादाच्या पट्टीपेक्षा ती गुळगुळीत होती, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मागे मामाने पिशवीतून उरलेली माती काढून साहिलला जाकीट घालायला सांगितलं होतं.

"चांगलं मारलंस," सर म्हणाले. "पण असलं काही करायचं तर आधी विचारायचं असतं."

"विचारलं होतं, सर," मी म्हटलं. "दोन वर्षं."