न्हाणीतला वाळा

"बल्ब लावा जरा, गिरजाबाई," न्हाणीच्या ओल्या फरशीवर उकिडवा बसत देवराव म्हणाला. गुडघे कटकन वाजले.

पहिली पाळी संपवून तो नुकताच घरी आला होता. घुग्घुसजवळच्या एका खाणीत साचलेलं पाणी उपसायच्या पंपावर तो कामाला होता. अंगावरची कोळशाची धूळ धुवायची राहिली होती, चहा कपात तसाच होता, तेवढ्यात गिरजाबाईंचा फोन आला. साप निघाला. वस्तीत साप निघाला की देवरावला बोलावणं. लग्न असो की मयत, भरल्या ताटावरून उठून जायचं. अंगात जोर होता तोवर नागामागे धावायलाही मजा यायची. आता आधी गुडघे विचार करत, मग तो.

मोरीच्या तोंडाशी वीतभर लांबीचं, काळपट, चकचकीत काहीतरी वळवळत होतं. दुसऱ्या कुणी गांडूळ म्हणून सोडून दिलं असतं.

"वाळा साप हाय, बाई. मागच्या बारीले बी हाच होता. याले धड तोंड नाई, डोळे नाई. चावन कशानं?"

त्यानं वाळा तळहातावर घेतला. शेपटीचं बारीक टोक बोटाला टोचत तो जीव माती शोधू लागला. जन्मभर जमिनीच्या पोटात राहायचं, मुंग्या-वाळवीची अंडी खायची, आणि बिळात पाणी भरलं की वर येऊन माणसांच्या शिव्या खायच्या, एवढाच त्याचा संसार. गिरजाबाई मात्र घाबरलेल्या दिसत नव्हत्या. त्या दारात मोबाइल घेऊन उभ्या होत्या.

"देवराव, अतुलले फोन लावून देते. त्याले सांग, मण्यार निघाली म्हणून."

"मण्यार? काऊन?"

"मायच्या घरात विषारी साप निघाला म्हटल्यावर एक डाव येऊन तर जाईन." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बाप गेला तवा आला होता, तेवढाच. धम्मचक्राले येतो म्हणे, मंग बुद्धजयंतीले येतो म्हणे. पुण्यात सुट्टीच नाई भेटत म्हणे त्याले."

देवरावला राग आला. उभ्या आयुष्यात त्यानं एक गोष्ट इमानानं केली होती, बिनविषारी सापाला बिनविषारी म्हणायचं. लोकांच्या हातातल्या काठ्या त्याच्या त्या एका शब्दावर खाली येत. तोच शब्द खोटा निघाला तर उद्या कोण ऐकणार होतं?

"असं खोटं नका बोलायले लावू, बाई."

"मी कधी काई मागतलं काय तुले?"

नव्हतं मागितलं. उलट त्याची बायको चंद्रपूरच्या दवाखान्यात होती, तेव्हा दोन्ही वेळचा डबा याच घरातून जायचा. त्यानं मान हलवली. गिरजाबाईंनी फोन लावून त्याच्या तोंडाशी धरला.

"हॅलो काका, काय झालं?"

"मण्यार निघाली होती, अतुल. न्हाणीत." बोलताना त्याला स्वतःची लाज वाटली.

"बापरे! आईला चावली नाही ना?"

"नाई."

"पकडलीत ना तुम्ही?"

"पकडली."

"सुटलो! काका, तुम्ही शेजारी आहात म्हणून तर मी इथे निर्धास्त असतो. मी येऊन तरी काय करणार होतो? आईकडे लक्ष असू द्या. मीटिंग आहे, रात्री बोलतो."

फोन बंद झाला. देवराव हातातल्या वाळ्याकडे बघत राहिला. खोटं बोललो, आणि त्याच्या न येण्याचं कारणही आपणच निघालो, हे त्याला फार लागलं.

"चांगला हाय पोरगा," गिरजाबाई म्हणाल्या. "इचारलं तरी, मायले चावली काय म्हणून."

त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या.

"याले पिल्लं होते काय रे?" त्यांनी विचारलं.

"होते ना. यायच्यात नर नसतेच, बाई. साऱ्या माद्याच. एकटीच अंडे घालते, तांदळाच्या दाण्यायेवढे."

"अन् पिल्लायले पोसते कोण?"

"कोणी नाई. फुटलं अंडं का निघाले आपापल्या रस्त्यानं."

"बरं हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "वाट पाहाचं काम नाई."

वाळा नाल्यापलीकडे नेऊन सोडावा म्हणून देवराव उठला, तशी त्यांनी हात आडवा केला.

"कायले नेतं त्याले? राहू दे इथीच."

त्यानं पुन्हा वाकून तळहात मोरीशी टेकवला. वाळा फरशीवर उतरला, कडेची फट त्याला सापडली आणि तो आत गेला.

बाहेर शेगडीवर मोठ्या गंजात आंघोळीचं पाणी उकळत होतं. गिरजाबाईंनी गंज खाली उतरवला आणि न्हाणीत न नेता भिंतीशी ठेवला.

"घ्या ना बाई आंघोळ करून. तो काई करत नाई," देवराव म्हणाला.

"मले ठावं हाय. पाणी ऊन हाय ना, भाजन तो." त्या गंजाशेजारीच खाली बसल्या. "निवू दे. मले कुठी घाई हाय!"