तिसऱ्या पानावरची चूक

१९८० साली दक्षिण कोरियाच्या लष्करशहाने राजधानी सोलमधली वर्तमानपत्रं बंद पाडली, तेव्हा वार्ताहर प्यो ग्योंग-रिम मच्छीमाराच्या बोटीतून जपानला निसटला. त्याला आता चार वर्षं होत आली होती. ओसाकाच्या कोरियन वस्तीत, बू मावशीच्या किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, दुकानावरच्या खोलीत तो राहायचा. देशात छापता न येणाऱ्या बातम्या स्टेन्सिलवर लिहून दर महिन्याला चार पानी अंक सायक्लोस्टाईल करायचा. बोटीने मालाची ने-आण करणारी माक-रे त्यातले वीसेक अंक लपवून मायदेशी न्यायची. पुढे त्यांचं काय व्हायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वीस अंकांसाठी एवढा आटापिटा? बंदच करतो मी," प्यो मे महिन्यात वैतागून म्हणाला.

"करा की. म्हणजे दिवसभर माझं डोकं खायला मोकळे!" कोबीला मीठ चोळत मावशी म्हणाली.

शनिवारी दुपारी माक-रे आली ती हसतच. पोटाशी बांधलेले कागद काढून तिने प्योपुढे टाकले. "तिकडे ग्वांगजू शहरात एका शिंपिणीने मला गुपचूप वाचायला दिले. मलाच!"

मार्चचा अंक! पण अक्षर प्योचं नव्हतं. चारही पानं कुणीकुणी हाताने उतरवली होती. एक अक्षर घाईचं, एक थरथरतं. तुरुंगातल्यांची नावं, बातम्या, इतकंच काय, मावशीच्या दुकानाची जाहिरातसुद्धा! समासात बारीक लिहिलं होतं, 'संपादकसाहेब, तिसऱ्या पानावर "न्यायालय" चुकलं होतं. दुरुस्त केलं आहे. ही आमची साठावी नक्कल.'

प्योने ते तीनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

"माझी जाहिरात ग्वांगजूत?" मावशी तिखटाच्या हातानेच धावली. "अगं बाई, तिथल्या नावाजलेल्या सुगरणी नावं ठेवतील की मला!"

"न्यायालय लिहिता येत नाही होय तुम्हाला?" माक-रेने चिमटा काढला.

"सोलला चुका काढायला दोन माणसं होती माझ्या हाताखाली!"

"आता अख्खं ग्वांगजू आहे."

मावशीने कांद्याच्या पातीची धिरडी घातली, तांदळाची दारू काढली. शेजारीपाजारी जमले. प्योने तो अंक मोठ्याने वाचून दाखवला, जणू स्वतःही पहिल्यांदाच ऐकत असावा असा. मग तसाच तेलकट बोटांनी जिना चढून त्याने नवी स्टेन्सिल पुढ्यात घेतली.

खालून मावशी ओरडली, "अक्षर जरा मोठं काढा हो! लोकांना उतरवून घ्यायचं असतं!"