गुरांची तोंडं घरात

टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला शेजारच्या डेल आजोबांनी गुरं हाकणाऱ्या काउबॉयांचं एक भलंमोठं रेखाचित्र भेट दिलं. शिवांगी ते गॅरेजमध्ये टाकणार होती. पण नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी चष्मा पुसून ते न्याहाळलं आणि निकाल दिला, "गुराखी तिन्हीसांजेला गुरं घरी आणतायत. लक्ष्मी आहे ही."

"मग तोंडाला रुमाल कशाला बांधलेत, आई?"

"इतकी गुरं चालल्यावर धूळ नाही उडणार?"

"आणि हा मागे वळून काय बघतोय?"

"वासरू मागे राहिलं का, ते बघतोय. जबाबदार मुलगा दिसतो," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाकडे पाहिलं. तो सकाळपासून ड्रिल मशीन शोधत होता.

संध्याकाळी चित्र पुढच्या दाराजवळ लागलं, गुरांची तोंडं घराच्या आत येतील अशा बेताने. सासूबाईंनी गुरांना हळदकुंकू वाहिलं.

रविवारी डेल चहाला आले, कुंकू पाहून चक्रावले आणि मग हसतच सुटले. त्यांचं बोलणं सासूबाईंना सांगताना शिवांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हे गुरं चोरणारे आहेत. रुमाल तोंड लपवायला. आणि तो मागे बघतोय, कारण मालक पाठलाग करतोय. काढून टाकू का?"

सासूबाईंनी पुन्हा चष्मा पुसून चित्र न्याहाळलं.

"पण गुरं आणतायत आपल्याच घरी ना?"

"हो."

"मग राहू दे. दार तेवढं लावून घे."