खाली येणारा गोळा आणि लोरेटाचा शनिवार

लोरेटाला या हिशेबातून कमवायचा होता फक्त एक शनिवार. तिचा होणारा नवरा रेमंड रविवारी नॉरफोकहून बोटीने युद्धावर निघणार होता. शुक्रवारी तिचा कागद पास झाला, तरच तिला रात्रीची गाडी पकडता येणार होती.

फिलाडेल्फियातल्या आमच्या लष्करी हिशेबाच्या खोलीत आम्ही पोरी दिवसभर तोफगोळ्याचा रस्ता आकड्यांनी चालायचो. आत्ताचा वेग घ्यायचा, त्या वेगाला हवा किती अडवते ते काढायचं, त्यावरून अर्ध्या सेकंदाने गोळा कुठे असेल ते मांडायचं. तिथून पुन्हा तेच, गोळा जमिनीला टेकेपर्यंत. प्रत्येक कागद दोघी वेगवेगळा करायच्या. उत्तरं जुळली की पास.

लोरेटाचं आणि हेस्टरचं जुळेना. आठ यार्डांचा फरक.

"नियम अर्ध्या सेकंदाचा आहे," आमच्या मुख्य मिसेस क्विग्ली म्हणाल्या. "तू काय केलंस?"

"वर गोळा रेंगाळतो बाई, तिथे मोठी पावलं टाकली, एकेका सेकंदाची," लोरेटा म्हणाली. "खाली येताना तो ध्वनीच्या वेगाजवळ पोचतो, हवा एकदम अंगावर येते. तिथे अगदी बारीक टाकली."

"आली मोठी शहाणी!" हेस्टर उसळली. "गणिताची पदवी मलाही आहे म्हटलं. रेमंडला भेटायच्या घाईत आकडे कसेतरी उरकलेस, कबूल कर की!"

"तुझा शेवटचा टप्पा पाव सेकंदाने करून बघ. उत्तर जागचं हललं नाही, तर पुढचे चार रविवार तुझ्या पाळीला तुझ्या खुर्चीत मी बसेन."

ते चार रविवार हेस्टरच्या डोळ्यांत चमकले. ती लगेच आकडेमोडीच्या यंत्रापुढे बसली. लोरेटा आपल्या प्रेट्झेलला, त्या खारट पावाला, मोहरीची चटणी फासत राहिली. घाबरलेलं माणूस इतकी मोहरी फासत नाही.

सातच्या सुमारास हेस्टरने कागद सरकवला. तिचं उत्तर सहा यार्ड हललं होतं. लोरेटाच्या दिशेने.

"अजून बारीक कर, उरलेले दोनही येतील," लोरेटा म्हणाली. "का गाडी चुकवून मीच करून देऊ?"

"जा बाई तू!" हेस्टर म्हणाली, आणि मला हसू आवरेना.

मिसेस क्विग्लींनी लोरेटाच्या कागदावर सही केली आणि चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवली.

लोरेटाला शनिवार मिळाला. मिसेस क्विग्लींना वरच्या साहेबांपुढे मिरवायला नवा नियम मिळाला. उरलेले दोन यार्ड काढता काढता हेस्टरचा शुक्रवारचा नाच बुडाला. आणि जुने कागद नव्या पावलांनी तपासायला शनिवारभर बसले मी, सगळ्यांत मोठ्याने हसले म्हणून.