सोमवारची आठची गोळी

अणदूरची शांतम्मा म्हणजे कडक काम. देवपूजा होईपर्यंत घरात कुणी चहाचा घोट घेतलेला तिला खपत नसे. सून शिवकांताला पुण्यात दुसऱ्याचं हृदय बसवलं, तेव्हा शांतम्मानं नवस बोलला, की पोर जगली तर पोर दर सोमवारी दिवे लागेपर्यंत निर्जळी उपास करील. नवस सासूचा, उपास सुनेचा! पोर जगली आणि उपास नेमानं सुरू झाला.

दोन वर्षांनी तपासणीत हृदयाचा कणभर तुकडा काढून पाहिला, तर बारीक रक्तवाहिन्यांवर शरीरानंच तयार केलेल्या प्रथिनांचे थर बसलेले. शरीर परक्या हृदयाशी भांडायला उठलं होतं. असंच चाललं तर रक्तवाहिन्या अरुंद होत जातील, डॉक्टर म्हणाले, आणि बसवलेल्या हृदयाला वेदना कळत नाही, त्यामुळे छातीत साधी कळही येणार नाही. हे भांडण थोपवणाऱ्या सकाळ-रात्रीच्या गोळ्या चुकल्या का, त्यांनी विचारलं. शिवकांतानं नकारार्थी मान हलवून रिकामी पाकिटं पुढं केली.

शेजारी बसलेल्या शांतम्माला सगळं उमगलं. पाण्याचा थेंब चालत नाही म्हणून सोमवारची सकाळी आठची गोळी रात्रीच्या गोळीबरोबर पोटात जात होती. सासूवर बोल येऊ नये म्हणून सून गप्प होती. जन्मात कुणापुढं चूक कबूल न केलेली ती बाई उठून उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, सोमवारची गोळी म्या अडवली. तिची काय चूक न्हाय."

डॉक्टर रागावले नाहीत. वेळेत कळलं, उपचार करू, पण गोळी वेळच्या वेळी हवी, एवढंच म्हणाले. रागावले असते तर शांतम्माला बरं वाटलं असतं.

तीन महिन्यांच्या उपचारानंतर पुन्हा तपासलं. थर बरेच विरले होते, रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या.

पुढच्या सोमवारी आठ वाजत आले, तरी देव पारोसेच होते. शिवकांता म्हणाली, आता बरं आहे, आत्या, तुमचा नवस मोडायला नको, आजपासून पुन्हा उपास धरते. शांतम्मानं तिच्या तळहातावर गोळी ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नवस मोडला न्हाय. तीन महिने झाले, रानात नेलेली भाकरी सोमवारी शेळीला घालती मी. उपास माजा, गोळी तुजी. घे."

शिवकांतानं रडत रडतच गोळी गिळली. मग दोघी पूजेला बसल्या.