काढायच्या फांद्या

शुभदाच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं नीलांबरी. हॉलंडातल्या न्यूनेन गावच्या बोन्साय क्लबात त्या बाईला आणलं कुणी? शुभदानेच! गेल्या वर्षी ही नवऱ्यामागून इथे आली, घरात बसून रडायची, म्हणून शुभदाला दया आली. आणि आता? शुभदा वर्षानुवर्षं फांद्यांना तारा गुंडाळतेय, पण क्लबचा गुरू हेंक कौतुक करणार ते नीलांबरीचं. वसंतातल्या प्रदर्शनात क्लबचं एकच जुनिपरचं झाड जाणार होतं. ते आपलं असावं, एवढंच शुभदाचं मागणं होतं. फार होतं का हो ते?

हेंकचा नियम असा, की झाडाला कात्री लावायची ती अगदी शेवटी. आधी कुंडी फिरवून फिरवून झाडाची समोरची बाजू ठरवायची, मग झाड पुढे कसं दिसेल त्याचं चित्र, मग छाटायच्या फांद्यांना लाल लोकर. आणि छाटायचं मात्र शेजारणीने, कारण आपल्या झाडावर आपला हात चालत नाही.

हेंक हे सगळं भराभर डचमध्ये बोलून गेला. नीलांबरीच्या डोक्यावरून गेलं.

"ताई, लोकर कशाला गं?"

"ज्या फांद्या काढायच्या ना, त्यांना बांध," शुभदा म्हणाली. सरळ मनाने म्हणाली हो, तिथवर काही खोट नव्हती.

थोड्या वेळाने हेंक दोघींची चित्रं न्यायला आला. नीलांबरीचं चित्र त्याने हातभर लांब धरलं आणि "प्राख्तख!" म्हणाला, म्हणजे अप्रतिम. शुभदाच्या चित्राला नुसतं "खूत", म्हणजे बरंय. जीव जळला नुसता तिचा.

तेवढ्यात तिची नजर नीलांबरीच्या झाडावर गेली. सगळ्यात खालची, पाण्याकडे झुकल्यासारखी सुंदर फांदी, जिच्यावर सगळं चित्र उभं होतं, तिलाच लाल लोकर!

"चित्रात काढल्या तेवढ्या सगळ्यांना बांधली, ताई," नीलांबरी म्हणाली.

अग्गोबाई! काढायच्या म्हणजे चित्रात काढायच्या, असं धरून बसली होती ही. शुभदा एक शब्द बोलली असती तर तिथेच मिटलं असतं. पण जीभ उचलेल तर शपथ. "छान," एवढंच म्हणाली आणि दोघींनी टेबलं बदलली.

तिने कात्री हातात घेतली. मग स्वतःची समजूत घातली, लोकर हिनेच बांधलीय, मी कुठे बांधली? कच्! खालची फांदी टेबलावर पडली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

मागे नीलांबरीचीही कात्री चालू होती. कच् कच्, कच् कच्. शुभदाने आपल्या झाडावर लोकर बांधली होती जेमतेम दोन फांद्यांना. मग ही इतका वेळ कापतेय तरी काय?

ती गर्रकन वळली. तिच्या जुनिपरच्या बुंध्यावर दोनच फांद्या उरल्या होत्या, दोन्ही वाकड्या, दोन्हींना लाल लोकर. बाकी सगळं हिरवं जमिनीवर.

"तुझ्या दोन्ही जपून ठेवल्या गं ताई," नीलांबरी घाम पुसत म्हणाली. "खरं सांगू, मला पटत नव्हतं. थांबून विचारणार होते. पण म्हटलं, ताईने दोनच काढल्यात म्हणजे काहीतरी विचार असणार. तू कधी मला चुकीचं सांगशील?"