दुभाजकाच्या तोंडाशी

फिलोमिना साळवे गेली एकोणीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. नगरच्या सावेडीतली एक लॅब तिला आदल्या संध्याकाळी पत्ते कळवते आणि सकाळी सहाला ती सायकल काढते. मागच्या कॅरिअरला बर्फाच्या पिशव्या भरलेला निळा डबा बांधलेला असतो. वय त्रेपन्न. स्कूटी घ्या, असं तिला सगळ्यांनी सांगून झालं. गुडघे चांगले आहेत तोवर सायकलच, असं तिनंही सगळ्यांना सांगून झालं.

तिच्या वाटेवर एक जागा होती. मोठा रस्ता चौकाच्या अलीकडे एकाएकी दुभागायचा. मध्ये सिमेंटचा दुभाजक सुरू व्हायचा, त्याच्या तोंडाला कधीकाळी पिवळा-काळा रंग होता म्हणे. डाव्या हाताला उघडं गटार. दुभाजक आणि गटार यांच्यामध्ये उरायची एकच लेन. पुढे जेमतेम दीडशे फुटांवर चौक, तिथं सगळ्यांनाच थांबावं लागायचं.

आता पुढे सायकल दिसते आहे, तिच्यापुढे दुभाजक दिसतो आहे, त्याच्यापुढे चौक दिसतो आहे, तर माणसानं काय करावं? सायकलच्या मागे अर्धा मिनिट थांबावं. पण स्टिअरिंग हातात आलं की शहाण्यासुरत्या माणसाची अक्कल पायात उतरते आणि तिथून थेट अॅक्सिलरेटरमध्ये. बँकेत आठ-आठ तास रांगा सांभाळणारे साहेब, वर्गात पोरांना धीर धरायला शिकवणारे गुरुजी, सगळ्यांना दुभाजक सुरू व्हायच्या आत बाईच्या पुढे जायचं असतं. अंदाज चुकतो. दुभाजकाचं तोंड अचानक समोर येतं. मग बंपर वाचवायचा की बाई, असा प्रश्न पडतो आणि उत्तर द्यायला त्यांना क्षणभरही लागत नाही. गाडी डावीकडे वळते. बाई गटाराच्या काठावर. आणि हे महाशय चौकात जाऊन उभे, तिथं फिलोमिना निवांत त्यांच्या काचेशी पोचायची.

म्हणून तिनं आपला नियम केला होता. दुभाजकाच्या बरंच आधी ती मागे वळून बघायची, उजवा हात दाखवायची आणि लेनच्या मधोमध यायची. दुभाजक संपला की पुन्हा कडेला. मागून हॉर्न वाजायचे. "मावशी, रस्ता काय माहेरचा आहे का?" असं एकानं विचारलंही होतं. "हो, नगरचीच आहे मी," असं सांगून ती मधूनच गेली होती.

डिसेंबरातल्या शेवटच्या मंगळवारी सकाळी ती लालमहंमद चाचांकडून निघाली. चाचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. त्यांच्या हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या. एरवी फिलोमिना एका टोचणीत रक्त काढायची, पण त्या दिवशी तिला तीनदा सुई घालावी लागली. चाचांनी हूं की चूं केलं नाही. उलट तिलाच म्हणाले, "बेटी, घाई न्हाई. कापड जुनं हाय, जपून शिवावं लागतं." मिळालेल्या दोन नळ्या तिनं कापसात गुंडाळून डब्यात ठेवल्या.

दुभाजक जवळ आला. तिनं मागे पाहिलं, हात दाखवला, मधोमध आली. मागून लांबलचक हॉर्न सुरू झाला.

ती पांढरी, टेम्पोएवढी गाडी होती हर्षल दरंदलेची. वय अठ्ठावीस, प्लॉटचे व्यवहार करायचा. चौकापलीकडे जिम होती, तिथं तो निघाला होता. घरापासून जिम दीड किलोमीटर. म्हणजे हा गडी दोन टनांची गाडी दीड किलोमीटर पळवत नेणार आणि तिथं जाऊन जागच्या जागी उभ्या सायकलवर तासभर पाय मारणार. रस्त्यावरच्या सायकलनं मात्र त्याचा सात सेकंद खोळंबा झाला.

त्यानं उजवीकडून गाडी घातली. फिलोमिनाच्या बरोबरीला आला तेव्हा दुभाजक समोर उभा. ब्रेक दाबावा हे त्याला सुचलं नाही. त्यानं स्टिअरिंग डावीकडे ओढलं. आरसा फिलोमिनाच्या कोपराला लागला, ती डाव्या हातावर पडली. तेवढं वळूनही गाडी वाचली नाहीच. पुढचं उजवं चाक दुभाजकावर चढलं आणि गाडी तिरपी होऊन अडकली.

हर्षल खाली उतरला. आधी त्यानं चाक पाहिलं, मग बंपर पाहिला, मग वाकून गाडीखाली पाहिलं. सगळ्यात शेवटी बाई पाहिली.

"बघा काय करून ठेवलंत!"

फिलोमिना बसल्या जागी मनगट धरून होती. "मी? मी केलं?"

"मधून कोण सायकल चालवतं? कडेनं चालवता येत नाही?"

"तुम्ही थांबला असतात तर—"

"मी का थांबू?"

प्रश्न अगदी मनापासून विचारला होता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

माणसं जमली. कोपऱ्यावरच्या चहावाल्या रामहरीनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण हर्षल त्याचं रोजचं गिऱ्हाईक, आणि हर्षलचे चुलते आप्पासाहेब या भागाचे माजी नगरसेवक. रामहरी म्हणाला, "सिस्टर मधीच हुत्या, ते बी खरं हाय." आठ जणांनी मिळून गाडी दुभाजकावरून उतरवली. "एक, दोन, तीन" म्हणत, घाम गाळत, एकमेकांना सूचना देत. बाईला उठवायला त्या आठांतला एकही मोकळा नव्हता.

निळा डबा उघडून पडला होता. नळ्या फुटल्या होत्या. चाचांच्या रक्ताचा हातभर ओघळ डांबरावर पसरला होता आणि त्यातूनच एकजण गाडीभोवती फेरी मारून आला. फिलोमिनाला मनगटाच्या कळांपेक्षा ते जास्त लागलं.

तिला उचललं ते अफ्रीननं. चाचांची नात, कॉलेजात शिकणारी. डॉक्टरांची चिठ्ठी फिलोमिना चाचांकडेच विसरली होती, ती द्यायला अफ्रीन स्कूटीवर मागोमाग आली होती. तिनं गर्दीला बाजूला केलं. "आठ-आठ माणसं लोखंड उचलताय, आणि माणूस इथं पडलंय!" सायकल रामहरीच्या टपरीला टेकवून ती फिलोमिनाला दवाखान्यात घेऊन गेली.

डावं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

"डावाच हात आहे, नशीब," डॉक्टर म्हणाले. सुई उजव्या हातानं टोचतात, पण शीर सापडते ती डाव्या हाताच्या बोटाला. एकोणीस वर्षांची तिची सगळी विद्या त्या एका बोटाच्या टोकाला होती आणि ते बोट आता बधिर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमधल्या पॉलला घेऊन चाचांकडे गेली. पुन्हा सुई टोचावी लागेल, असं तिनं सांगितलं. चाचांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि दुसरी बाही वर केली. "कालचा हात ऱ्हाऊ दे. ह्यो घे. मला दोन हायत, तुझा एक ग्येला." पॉलला शीर सापडेना. फिलोमिनानं उजव्या हाताचं बोट चाचांच्या कोपराच्या खोबणीत फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि एका जागी थांबली. "इथं." पॉलला एका टोचणीत रक्त मिळालं. बाहेर आल्यावर ती जिन्यात बसून रडली आणि तिथूनच उठून पोलीस चौकीत गेली.

हवालदार गर्जे पाथर्डीकडचे, वागायला सरळ, पण सकाळच्या वेळी कागद काढायला नाखूश. "सिस्टर, कशाला वाढवता? मिटवून टाका."

संध्याकाळी ती अफ्रीनला घेऊन पुन्हा चौकीत गेली, तेव्हा आप्पासाहेब स्वतः तिथं आले. परीटघडीचं धोतर, सदरा, आवाजात मध. "ताई, पोरगं चुकलं असेल. तुम्हाला नवी सायकल देतो, बॅटरीवरची. पण तुम्हीही कडेनं चालवायला पाहिजे होती. सगळ्या गाड्या तिथून निघतात."

"सगळ्या गाड्या मला ढकलून निघतात," फिलोमिना म्हणाली. "साहेब, तुम्ही टेप घेऊन चला. दुभाजकापासून गटारापर्यंत दहा फूट आहे, मी मोजलंय. ती गाडी आरशांसकट सात फूट. माझं हँडल दोन फूट. गटारापासून मला दोन फूट तरी लांब राहायला हवं. किती झाले?"

गर्ज्यांनी बोटांवर मोजलं. "अकरा."

"आणि आमच्या दोघांच्या मध्ये वाऱ्यालाही जागा धरलेली नाही."

"टेप-बिप राहू द्या," आप्पासाहेब म्हणाले. "कागदावर काहीही सिद्ध होतं. उद्या सकाळी हर्षल गाडी काढून दाखवेल. बाई कडेला असती तर काही झालं नसतं, हे सगळ्यांसमोर दाखवतो."

"कडेला सायकल घेऊन कोण थांबणार?" गर्ज्यांनी विचारलं.

फिलोमिनानं प्लास्टर वर केलं. अफ्रीन म्हणाली, "मी नाही. माझा ह्यांच्या पुतण्याच्या अंदाजावर विश्वास नाही."

आप्पासाहेब हसले. "मी बसतो. पुतण्या आहे माझा."

सकाळी आठ वाजता पंचनाम्याला निम्मी सावेडी जमली. गर्ज्यांनी टेप लावला, आकडे लिहिले. दहा फूट भरले, दोन इंच कमीच. आप्पासाहेब धोतर सावरून फिलोमिनाच्या लेडीज सायकलवर बसले. एक पाय पॅडलवर, दुसरा जमिनीवर, गटारापासून दीड फुटावर. "एवढी जागा बास झाली," मागे वळून त्यांनी लोकांना दाखवलं.

"हळू या हो," गर्ज्यांनी हर्षलला सांगितलं.

हर्षल हळूच आला. म्हणजे त्याच्या मते हळू. गाडीचा बंपर कालच गॅरेजमधून नवा होऊन आला होता. दुभाजकाचं तोंड समोर दिसलं आणि नव्या बंपरची माया उफाळून आली. स्टिअरिंग डावीकडे गेलं. फार नाही, वीतभर.

"अरे थांब! थांब, ए—"

आप्पासाहेबांनी सायकल टाकली आणि उडी घेतली. जायला एकच जागा होती. ते गुडघाभर गटारात उभे राहिले. सायकलच्या हँडलवरून आरसा करकरत गेला.

गाडी पुढे जाऊन थांबली. काच खाली झाली. "काका, तुम्ही हललात!"

आप्पासाहेबांनी जे उत्तर दिलं ते पंचनाम्यात लिहिण्यासारखं नव्हतं. हर्षलच्या जन्मापासून आदल्या दिवसापर्यंतचा सगळा हिशोब त्यात आला. माणसं तोंड फिरवून हसत होती. आता आठ जणांचे हात लगेच पुढे आले, कारण आत बाई नव्हती, माजी नगरसेवक होते. आणि रामहरीला एकदम कंठ फुटला. "सायेब, त्या दिशी बी असंच झालं. सिस्टरची काय बी चूक न्हाई. मी सोता बघितलंय."

"मग त्या दिवशी काय झालं होतं तुझ्या तोंडाला?" अफ्रीननं विचारलं. रामहरी पातेलं ढवळू लागला.

गर्ज्यांनी गुन्हा नोंदवला. हर्षलचं लायसन्स तीन महिन्यांसाठी जमा झालं. त्या तीन महिन्यांत तो चालत जिमला गेला असेल, असं कुणाला वाटत असेल तर चूक आहे. मित्राची गाडी त्याला घरून घेऊन जायची, घरी आणून सोडायची. फिलोमिनाला तो एकदा चौकात दिसला. त्यानं मान फिरवली. माफीचा शब्द तिला त्याच्याकडून कधीच मिळाला नाही. तिनंही त्याची वाट पाहिली नाही.

आप्पासाहेब मात्र कामाला लागले. उघडं गटार हा नागरिकांच्या जिवाशी खेळ आहे, असं त्यांनी तीन ठिकाणी भाषणात सांगितलं. फिलोमिनानं त्या गटाराबद्दल चार अर्ज दिले होते, तीन वर्षांत एकाचंही उत्तर आलं नव्हतं. एका धोतरानं पंधरा दिवसांत काम झालं. गटारावर फरश्या पडल्या, दुभाजकाच्या तोंडाला रंग आला, शेजारी 'ओव्हरटेक करू नये' असा फलक लागला. नवव्या दिवशी तो फलक एका ओव्हरटेक करणाऱ्या जीपनं आडवा केला.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. बोटाचा बधिरपणा जायला आणखी महिना लागला. फिलोमिना रोज चाचांकडे जाऊन बसायची. चाचा तिला जाड-बारीक दोरे देऊन डोळे मिटायला सांगायचे आणि कुठला दोरा ते ओळखायला लावायचे. मार्चमध्ये तिनं त्यांचं रक्त स्वतः काढलं. एकाच टोचणीत.

त्याच दिवशी तिनं सायकल बाहेर काढली. अफ्रीन दारात उभी होती. "आंटी, आता लेन बारा फूट झालीय. आता तरी कडेनं जाणार ना?"

"बारा फुटांत ते अजून जोरात येतात," फिलोमिना म्हणाली. तिनं डबा घट्ट बांधला आणि दुभाजकाशी आल्यावर मागे वळून पाहिलं, हात दाखवला आणि मधोमध आली. मागे लगेच हॉर्न सुरू झाला. तिनं वेग वाढवला नाही, कमीही केला नाही.